यंत्राने पाहिलेल्या जाहिरातीचे पैसे कोणी द्यायचे?

आम्हा पत्रकारांची चूल जाहिरातीवर पेटते. तरीही आज जाहिरात अडवण्याच्या बाजूने लिहितोय. आधी थोडा इतिहास बघू.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत 'हॉटवायर्ड' या वेबसाइटवर एटी अँड टी कंपनीच्या जाहिरातीची आडवी पट्टी झळकली. वेबवरच्या बॅनर जाहिरातींची सुरुवात तिथूनच धरतात. पुढे पॉप-अप आले आणि लोक वैतागले. २००२ मध्ये डेन्मार्कच्या हेन्रिक सोरेन्सनने 'अ‍ॅडब्लॉक' लिहिलं. २००५ मध्ये 'ईझीलिस्ट' सुरू झाली. जाहिराती ज्या पत्त्यांवरून येतात, ते ओळखून अडवण्याच्या नियमांची ही यादी. स्वयंसेवक ती आजही सांभाळतात.

त्याच सुमारास, २००४ मध्ये, शिकागोत थॉटवर्क्सच्या जेसन हगिन्सने 'सेलेनियम' बनवलं. वेबसाइट नीट चालते का हे बघायला माणूस तीच ती बटणं पुन्हा पुन्हा दाबायचा. ते काम यंत्र करू लागलं. नंतर गूगलचं 'पपेटिअर' आणि मायक्रोसॉफ्टचं 'प्लेराइट' आलं.

गोम इथेच आहे. यंत्र पान उघडतं तेव्हा त्यावरची जाहिरातही उघडते, आणि ती 'पाहिली' म्हणून मोजली जाऊ शकते. गावच्या सराफाने हजार नजरांचे पैसे मोजले आणि त्यातल्या काही यंत्राच्या निघाल्या, तर भुर्दंड कोणाला?

हा प्रश्न जुनाच आहे. छापील पेपरचा खरा खप जाहिरातदाराला कळावा म्हणून आपल्या देशात १९४८ मध्ये 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' उभी राहिली. न विकलेले गठ्ठे खपात धरायचे नाहीत, हा साधा न्याय. मग यंत्राची नजर वाचकात का धरायची?

म्हणून तपासणीच्या वेळी जाहिरातींच्या पत्त्यांकडे जाणारी मागणी अडवावी. प्लेराइटमध्ये तशी सोय आहे. फायदा आपलाही आहे. पान लवकर उघडतं, आणि जाहिरातवाल्याचा सर्व्हर रेंगाळला म्हणून आपली चाचणी नापास होत नाही.

पण सगळ्याच चाचण्या जाहिरातीविना करू नका. मोबाइलवर जाहिरात बातमीच झाकून टाकते का, हे बघायला हवंच. त्यासाठी स्वतःची नमुना जाहिरात लावावी, तिचे पैसे कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत.

आपल्या भागात न्यूज पोर्टल चालवणाऱ्यांनो, वेबसाइट बनवणाऱ्याला हे एकदा विचारा. आणि जाहिरातदारांनो, 'व्ह्यूज' किती हे विचारताना त्यात माणसं किती, हेही विचारा.