‘सत्तर एम.एम.’ : पाटी, प्रत आणि पडदा

हस्तलिखितें व दप्तरें जमविणाऱ्या मंडळींपुढें सिनेमाच्या फितीचा विषय मांडणें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु प्रत, नक्कल, पाठभेद, प्रक्षेप आणि मूळ प्रतीचा नाश हे जे आपल्या नित्य परिचयाचे प्रश्न, तेच या विषयांतहि जसेच्या तसे उभे राहतात. आमचें तर असें मत आहे कीं, ज्यांस या प्रश्नांची संवय आहे त्यांनींच येथें हात घालावा. एरव्हीं जाहिरातदारांची बखर हाच इतिहास म्हणून चालू राहील. प्रस्तुत लेखांत मुख्यतः एकाच शब्दाची छाननी कर्तव्य आहे. तो शब्द ‘सत्तर एम.एम.’ हा होय.

हा शब्द चित्रपटगृहांच्या पाट्यांवरून लोकांच्या तोंडीं बसला. पुण्यास शिवाजीनगरकडील ‘राहुल ७० एम.एम.’ या चित्रपटगृहानें तर तो आपल्या नांवांतच धारण केला. पुढें तो इतका सैल झाला कीं, पडदा ऐसपैस असला म्हणजे तेवढ्यावरच त्यास ‘सत्तर एम.एम.’ म्हणण्याची चाल पडली. वस्तुतः या शब्दाचे तीन अर्थ संभवतात : छायाचित्रण ज्या फितीवर झालें तिची रुंदी, खेळास जी प्रत लाविली तिची रुंदी, आणि केवळ मोठा पडदा हा लौकिक अर्थ. पहिले दोन मोजपट्टीनें सिद्ध करितां येतात. तिसरा येत नाहीं. या तिघांचा संकर झाल्यामुळेंच ‘पहिला कोण’ हा वाद माजला आहे.

मुंबईंत ल्युमिएर बंधूंचे खेळ ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत झाले. तेव्हांपासून अर्धशतकाहून अधिक काळ पडद्यावरील चित्राची रुंदी चार भाग तर उंची तीन भाग, असें स्थूलमानानें प्रमाण राहिलें. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन गृहांत लागला, तोहि याच मापाचा. फीत ३५ मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येक चित्रास कडेचीं चार छिद्रें. हें माप जगभर इतकें रूढ झालें कीं, कोल्हापुरास काढलेला पट कलकत्त्याच्या यंत्रावर बिनतक्रार चाले. लेखनांत बाळबोधीनें जें कार्य केलें तेंच येथें या मापानें केलें, असें म्हटल्यास चालेल.

या मापास अमेरिकेंत धक्का बसला तो घरोघर दूरचित्रवाणी आल्यामुळें. प्रेक्षक घरीं बसूं लागला, तेव्हां घरच्या पेटींत मावणार नाहीं असें कांहीं तरी त्यास दाखविणें प्राप्त झालें. ३० सप्टेंबर १९५२ रोजीं न्यूयॉर्क येथें ‘सिनेरामा’ सुरू झाला. त्यांत तीन यंत्रें एकाच वेळीं चालवून वक्र पडद्यावर तीन चित्रें शेजारीं शेजारीं जोडीत. खर्च अफाट, आणि सांधे दिसत ते दिसतच. पुढील वर्षीं १६ सप्टेंबर १९५३ रोजीं ‘द रोब’ या पटानें ‘सिनेमास्कोप’ आला. त्याची युक्ति निराळी. आंरी क्रेत्यें नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांतच एक भिंग सिद्ध केलें होतें. तें कॅमेऱ्यास लाविलें म्हणजे दृश्य आडवें दाबलें जाऊन निम्म्या रुंदींत मावे, आणि तसेंच उलट कार्य करणारें भिंग प्रक्षेपकयंत्रास लाविलें म्हणजे तें पुनः उलगडे. मोडींतील संक्षेप जाणत्यालाच उलगडतो, तसाच हा प्रकार. फीत तीच, ३५ मि.मी.; यंत्रहि तेंच.

सिनेमास्कोप खेड्यापाड्यांपर्यंत पोंचूं शकला आणि सत्तर मि.मी. पोंचूं शकला नाहीं, याचें बीज येथें आहे. आमच्या सातारा जिल्ह्यांत पुसेगांवची श्रीसेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षांत भरते. अशा यात्रांत फिरत्या तंबूंचे सिनेमे येत. लॉरीवर यंत्र, तंबू, कापडी पडदा आणि फितींचे डबे. मैदान मिळालें कीं खेळ उभा. अशा तंबूवाल्यास रुंदपट दाखवावयाचा तर एक भिंग अधिक आणि चार हात कापड अधिक, एवढ्यानें काम भागे. भिंग लावावयाचें राहिलें तर पडद्यावरील माणसें दीपमाळेसारखीं उंच आणि बारीक दिसत, आणि तंबूंत जो ओरडा होई त्यानें यंत्रवाल्यास आपली चूक तत्काळ कळे! सत्तर मि.मी.स मात्र निराळें यंत्र हवें, निराळे दांते हवेत, ध्वनीची निराळी व्यवस्था हवी; तें तंबूस कोठून परवडणार? या तंबूंच्या अखेरच्या काळाचें दर्शन ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटांत घडतें. त्यांत फीत जाऊन संगणकीय यंत्र कसें आलें तेंहि दाखविलें आहे. यांचा इतिहास लिहूं इच्छिणाऱ्यानें फलकांवर विसंबूं नये. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वयें जिल्ह्यांतील खेळांचा परवाना जिल्हा मॅजिस्ट्रेटनें द्यावयाचा असे. तेव्हां शोध घ्यावयाचा तो त्या दप्तराचा.

हिंदी बोलपटांत सिनेमास्कोप प्रथम आला तो १९५९ सालीं, गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ या पटांत. छायाचित्रण व्ही. के. मूर्ति यांचें आणि कलादिग्दर्शन आपले महाराष्ट्रीय चित्रकार आचरेकर यांचें, दोघांसहि त्याबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. धंद्याच्या दृष्टीनें पट पडला. त्याच्या थोडें आधीं, १९५८ सालीं, मुंबई सेंट्रलजवळ ‘मराठा मंदिर’ उभें राहिलें. १९६० सालीं ‘मुगल-ए-आझम’चा जो विख्यात आरंभीचा खेळ झाला तो तेथेंच, परंतु तो पट जुन्याच चौकोनी मापाचा होता. ऐश्वर्य आणि रुंदी हीं एकच नव्हेत, हें त्यावरून ध्यानांत यावें.

आतां प्रत्यक्ष सत्तर मि.मी.कडे वळूं. १९५५ सालीं अमेरिकेंत ‘ओक्लाहोमा’ या पटानें ‘टॉड-ए.ओ.’ पद्धति प्रचारांत आली. तींत मूळ छायाचित्रणच ६५ मि.मी. रुंद निगेटिव्हवर करीत. खेळाची प्रत ७० मि.मी. रुंद असे, वाढलेले ५ मि.मी. ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्यांसाठीं. चित्रास चारांऐवजीं पांच छिद्रें, रुंदी उंचीच्या २.२ पट, आणि ध्वनीचे सहा निरनिराळे मार्ग. या पद्धतींत पाटी, प्रत व मूळ या तिहींचा मेळ बसतो. म्हणून ‘सत्तर एम.एम.’ हा शब्द शुद्ध अर्थानें वापरावयाचा तर येथें वापरावा.

आपल्याकडे ‘शोले’ हा पहिला सत्तर मि.मी. पट, असें सर्रास छापलें जातें. हें विधान तपासून पाहतां टिकत नाहीं. १९६७ सालीं पाछी यांनीं राज कपूर यांस घेऊन काढलेला ‘अराउंड द वर्ल्ड’ हा सत्तर मि.मी. पट म्हणून आठ वर्षें आधींच गाजला होता. दुसरें असें कीं, ‘शोले’चें छायाचित्रण ३५ मि.मी. फितीवरच झालें, ७० मि.मी.चे कॅमेरे फार महाग पडत. म्हणजे मूळ ३५ चें, प्रत ७० ची. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनीं ही गोष्ट कधीं लपविली नाहीं. ती झांकली गेली ती पाट्या रंगविणारांच्या आणि त्यांवर भिस्त ठेवून लिहिणारांच्या हातून.

या वाढीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ३५ मि.मी. फितीवरील बोलपटाची चौकट सुमारें २२ मि.मी. रुंद व १६ मि.मी. उंच असते. २.२ चें प्रमाण साधावयाचें तर २२ रुंदीस १० उंची पुरे. तेव्हां वर व खालीं मिळून सुमारें ६ मि.मी. सोडून द्यावयाचे. उरली २२ बाय १० ची पट्टी. ती ७० मि.मी. फितीवरील सुमारें ४८.५ बाय २२ च्या चौकटींत बसवावयाची म्हणजे क्षेत्रफळ जवळ जवळ पांचपट वाढविणें आलें. लहान अक्षरांच्या गुटक्यावरून मोठ्या अक्षरांची पोथी उतरून काढावी, तसें हें. पोथी वाचावयास सुखाची होईल, पण गुटक्यांत नसलेलें अक्षर तींत येणार नाहीं. मात्र ध्वनीच्या बाबतींत तक्रारीस जागा नाहीं. सहा मार्गांचा ध्वनि या प्रतीवर खरोखरीच होता, आणि रुंद प्रतीचा हव्यास बऱ्याच अंशीं त्यासाठींच होता. पटांतील नाणें उडविल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्च्यांखालीं पैसा शोधूं लागत, असें सांगतात. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. पण आवाज पडद्यामागून एकाच ठिकाणाहून येण्याची संवय असलेल्या कानांस तो नवा होता, एवढा अर्थ तींतून निघतो.

हा पट १५ ऑगस्ट १९७५ रोजीं लागला. मुंबईंत लॅमिंग्टन रस्त्यावरील मिनर्व्हा गृहांत तो पांच वर्षें चालला. तीन वर्षें नेहमींच्या खेळांत आणि पुढें दोन वर्षें मॅटिनीस. त्याच्या संकलनाबद्दल मा. स. शिंदे यांस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, आणि आश्चर्य असें कीं, एवढ्या पटास त्या वर्षीं मिळालेलें तें एकच. सुमारें ३,००,००० फूट चित्रणांतून त्यांनीं सुमारें २०,००० फुटांचा पट सिद्ध केला. पंधरांतून चौदा भाग टाकून एक भाग राखावयाचा, आणि राखलेला अखंड भासला पाहिजे! ज्यांनीं एखाद्या घराण्याच्या रुमालांतून निवडक पत्रें छापलीं आहेत त्यांस या कामाची किंमत निराळी सांगावयास नको. नटांचीं नांवें पोरासोरांच्या तोंडीं आहेत. शिंदे यांचें मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

सत्तर मि.मी.ची फीत मुंबईंत पुढें आणखी एका रूपानें आली. २००१ सालीं वडाळा येथें घुमटाकार पडद्याचें आयमॅक्स सुरू झालें. त्यांत तीच रुंदी, पण फीत यंत्रांतून आडवी धांवे आणि एका चित्रास पंधरा छिद्रें लागत. तो स्वतंत्र विषय आहे.

आतां मूळ प्रतीच्या नाशाचा विचार. अॅसिटेटच्या फितीस कालांतरानें एक रोग जडतो. तिला आंबूस शिर्क्यासारखा वास येऊं लागतो, ती आकसते, वांकडी होते आणि अखेर निकामी होते. कागदास जशी कसर, तशी फितीस ही व्याधि. ‘शोले’चें मूळ निगेटिव्ह या व्याधीनें फार बिघडलें, आणि ७० मि.मी.ची तर एकहि प्रत शिल्लक राहिली नाहीं. याचा अर्थ काय तो नीट समजून घ्यावा. ज्या रूपाची आठवण लाखो लोक अजून काढतात, त्या रूपाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून हातांत धरतां येईल अशी एक फूट फीतहि उरली नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’ अपुरा उरला याचें आपण दुःख करतों. पण तो १९१३ चा. हा १९७५ चा आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास १९६४ सालीं स्थापन झाल्यानंतरचा. रावबहादूर पारसनीस यांनीं साताऱ्यास केलेला कागदांचा संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत हलला तरी राहिला; आणि तें कागद दोनदोनशें वर्षांचे होते.

मूळ गेलें, मोठी प्रत गेली, तेव्हां मधल्या प्रतींवरून पाठ सिद्ध करणें हाच मार्ग उरला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेनें सिप्पी घराण्याच्या सहकार्यानें तें काम हातीं घेतलें. मुंबई व लंडन येथें डब्यांत पडून राहिलेल्या मध्यवर्ती प्रती जमवून इटलींतील बोलोन्या येथील कार्यशाळेंत त्यांवरून पट पुनः सिद्ध करण्यांत आला, आणि २७ जून २०२५ रोजीं त्याच शहराच्या चौकांत उघड्यावर तो दाखविण्यांत आला. चौकटीचें प्रमाण अर्थातच २.२ ठेविलें. हें काम भांडारकर मंदिराच्या महाभारत-संस्करणाच्या जातीचें आहे. १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या त्या कार्यांत डॉ. सुखटणकर यांनीं घालून दिलेला दंडक असा कीं, संशयित भाग फेंकून न देतां तो तळटीपांत वा परिशिष्टांत जपावा.

या दंडकाची कसोटी ‘शोले’च्या अखेरीस लागते. मूळ रचनेंत ठाकूर गब्बरसिंगास पायांनीं तुडवून ठार करतो. १९७५ सालीं आणीबाणीच्या दिवसांत परिनिरीक्षण मंडळास तें मानवलें नाहीं. म्हणून पोलीस येऊन त्यास धरून नेतात, अशी अखेर नव्यानें चित्रित करून जोडावी लागली. मूळ अखेर पुढें कांहीं ध्वनिचित्रफितींवर दिसे, पण चित्रपटगृहांतून सर्वांनीं पाहिली ती दुसरीच. बोलोन्याच्या संस्करणांत मूळ अखेर पुनः घातली आहे. कर्त्याचा हेतु प्रमाण मानणाऱ्यास हें योग्यच वाटेल, आणि आम्हांसहि तें मान्य आहे. परंतु मिनर्व्हांत पांच वर्षें जो पाठ चालला तो पोलिसांचा. तो सक्तीनें आला हें खरें. तथापि सक्तीनें लिहवून घेतलेला कागदहि त्या काळाचा कागदच असतो, आणि कधीं कधीं तोच अधिक बोलका ठरतो. तेव्हां आमच्या मतें मूळ अखेर संहितेंत आणि १९७५ ची अखेर परिशिष्टांत, परंतु त्याच काळजीनें निर्दोष करून, त्याच मापांत आणि त्याच डब्याशेजारीं ठेविली पाहिजे.