त्रिमितीय परिदृश्य

एखाद्या स्थळाभोवतीचे ३६०° दृश्य डाव्या व उजव्या डोळ्यांसाठी दोन स्वतंत्र प्रतिमांत उतरवून खोलीच्या आभासासह पाहण्यास मिळते, तेव्हा त्यास त्रिमितीय परिदृश्य म्हणतात. परिदृश्य व त्रिमितिदर्शक (स्टीरिओस्कोप) या एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन कलांचा यात संयोग झालेला आहे. दोन्हींचा उगम जुना असला, तरी हा संयोग संगणकामुळेच पूर्णपणे साध्य झाला.

इतिहास : रॉबर्ट बार्कर (१७३९–१८०६) या चित्रकाराने १७८७ मध्ये परिदृश्याचे एकस्व मिळविले. वर्तुळाकार इमारतीच्या आतील भिंतीवर चित्र लावीत व प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावरून ते सभोवार पाहत. लंडनमध्ये १८३१ साली रॉबर्ट बर्फर्ड याने मुंबई बेट व बंदर यांचे असे परिदृश्य प्रदर्शित केले होते. या चित्रांत विस्तार होता. परंतु दोन्ही डोळ्यांना एकच सपाट पट दिसत असल्याने खरी खोली नव्हती.

ही उणीव भरून काढणारे तत्त्व सर चार्ल्स व्हीट्‌स्टन (१८०२–७५) यांनी १८३८ मध्ये मांडले. दोन डोळ्यांतील अंतरामुळे त्यांना वस्तूची किंचित भिन्न रूपे दिसतात. या भेदास पराशय म्हणतात व त्यावरून मेंदूस खोलीची जाणीव होते, हे त्यांनी आरसे व रेखाकृती यांच्या साहाय्याने दाखविले. सर डेव्हिड ब्रूस्टर (१७८१–१८६८) यांच्या भिंगयुक्त उपकरणामुळे आणि १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनामुळे त्रिमितिदर्शक घरोघरी पोहोचला.

महाराष्ट्रात या तंत्राचा उल्लेखनीय उपयोग मेजर रॉबर्ट गिल (१८०४–७९) यांनी केला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्या तैलचित्रांतील बहुतेक चित्रे १८६६ मध्ये सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाली. तथापि पश्चिम भारतातील वास्तू व निसर्ग यांची त्यांनी घेतलेली शंभर त्रिमितीय छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या वर्णनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. ती टिकून राहिली. मूळ वस्तू अथवा तिची प्रतिकृती नष्ट झाली, तरी प्रतिमा पुरावा म्हणून उरते, हे यावरून दिसते.

तत्त्व व रीती : दोन कॅमेरे सु. ६.५ सेंमी. अंतरावर शेजारी ठेवून प्रत्येकाने संपूर्ण परिदृश्य घेतले, तर काम भागेल असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात समोरच्या दिशेस खोली योग्य दिसते. बाजूच्या दिशेस एक कॅमेरा दुसऱ्याच्या मागे येऊन पराशय नाहीसा होतो. आणि पाठीमागे डावे-उजवे यांची अदलाबदल होऊन जवळचे दूर व दूरचे जवळ भासते. मनुष्य मान वळवितो तेव्हा त्याचे डोळेही एका लहान वर्तुळावरून फिरतात, हे यात लक्षात घेतलेले नसते.

यावरील उपाय म्हणून एकच दृष्टिबिंदू मानण्याचे सोडून देण्यात आले. इशिगुरो व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये, तसेच पेलेग व बेन-एझ्रा यांनी १९९९ मध्ये याविषयीचे कार्य प्रसिद्ध केले. डोळ्यांतील अंतराएवढ्या व्यासाचे वर्तुळ कल्पून त्याला स्पर्श करणारे किरण घेतात; एका बाजूने स्पर्श करणारे किरण डाव्या व दुसऱ्या बाजूने करणारे उजव्या डोळ्याचे चित्र बनवितात. छायाचित्रणात यासाठी कॅमेरा फिरवून अरुंद उभ्या पट्ट्या जोडाव्या लागतात. संगणकीय चित्रणात स्थळाची प्रतिकृती गणिती रूपात उपलब्ध असल्याने सॉफ्टवेअर प्रत्येक स्तंभासाठी आभासी कॅमेऱ्याचे स्थान बदलून किरण थेट काढू शकते. त्यामुळे सांधे पडत नाहीत.

मर्यादा : माथ्यावर व पायाशी पराशय क्रमाने शून्यावर आणावा लागतो, कारण तेथे डावी-उजवी बाजू निश्चित नसते. प्रेक्षकाने मान कलती केल्यास किंवा जागा सोडल्यास आभास बिघडतो. अंतराचीही मर्यादा आहे. ४,०९६ पिक्सेल रुंदीच्या परिदृश्यात एक पिक्सेल सु. ५.३ कला (मिनिटे) कोन व्यापतो, म्हणून सु. ४२ मी. पलीकडील वस्तूचा पराशय एका पिक्सेलपेक्षाही कमी भरतो. पुणे जिल्ह्यातील सारोळे (ता. भोर) येथे नीरा नदीच्या काठावरून असे परिदृश्य घेतल्यास जवळची झाडे व काठावरील दगड यांना उठाव येईल, परंतु उत्तरेकडील पुरंदरचा डोंगर सपाट पडद्यासारखाच राहील. डोंगराला उठाव देण्यासाठी दोन दृष्टिबिंदूंतील अंतर वाढविता येते; मात्र मग भूप्रदेश खेळण्यातल्या देखाव्यासारखा लहान भासू लागतो.

उपयोग : सेरा केंडरडाइन व जेफ्री शॉ यांच्या २००६ मधील ‘प्लेस-हंपी’ या कृतीत विजयनगरच्या अवशेषांची त्रिमितीय परिदृश्ये फिरत्या चौथऱ्यावरून दाखविली गेली व त्यांत संगणकनिर्मित देवतांच्या हलत्या प्रतिमा मिसळण्यात आल्या. बार्करच्या चौथऱ्याशी या मांडणीचे नाते स्पष्ट आहे. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा किल्ल्यांपैकी राजगडासारख्या ठिकाणी अनेक वास्तूंची केवळ जोतीच उरली आहेत. त्यांवरील भिंती व छपरे संगणकावर उभारता येतात आणि खोलीमुळे ती खरी वाटतात. यातच या तंत्राचा धोकाही आहे. गिल यांच्या छायाचित्रात जे होते तेवढेच उतरले. संगणकीय परिदृश्यात तर्कही मोजमापाइतकाच ठोस दिसतो. म्हणून प्रत्यक्ष मोजलेला भाग व अनुमानित भाग चित्रातच वेगळे दाखविणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास पुढील अभ्यासकास पुरावा व कल्पना यांतील सीमारेषा शोधणे कठीण होईल.