दोन शास्त्री, एक मार्ग

कांजूरमार्गच्या माणसाला वेगाचं फार आकर्षण असतं, कारण वेग त्याने नेहमी दुसऱ्याच्या मालकीचा पाहिलेला असतो. आमच्या स्टेशनात फास्ट लोकल थांबत नाही. ती नुसती जाते. जाताना एखाद्याचा पेपर, एखादीचा पदर आणि आमच्यासारख्याचे उरलेसुरले केस विस्कटून जाते. मग पाच-सात मिनिटांनी आमची स्लो लोकल, लग्नघरात उशिरा आलेल्या आत्याबाईंसारखी, डुलत डुलत येते. असा वीस-बावीस वर्षांचा अनुभव पाठीशी असल्यामुळे, आमचे मेहुणे गेल्या वर्षी घरी येऊन "भावोजी, गाडी घेतोय. परफॉर्मन्सवाली!" असं म्हणाले, तेव्हा अस्मादिकांच्याही अंगावर किंचित काटा आला हे कबूल केलं पाहिजे.

मेहुणे मुलुंडला राहतात आणि कुर्ल्याला नोकरी करतात. म्हणजे रोज लालबहादूर शास्त्री मार्गाने जायचं आणि त्याच मार्गाने यायचं. एका वेळचं अंतर चौदा-पंधरा किलोमीटर. या कामासाठी त्यांनी दोन उमेदवार निवडले होते. एक व्हर्टस, दीडशे घोड्यांची. दुसरी व्हर्ना, एकशे साठ घोड्यांची. दोन्ही टर्बो. शून्यापासून शंभरपर्यंत पोचायला कागदोपत्री आठ-नऊ सेकंद. मी बी.कॉम. असल्यामुळे मला घोडे कळत नाहीत, पण आकडे कळतात. मी विचारलं, "आणि मुलुंडहून कुर्ल्यापर्यंत पोचायला?"

"तो प्रश्न वेगळा आहे," मेहुणे म्हणाले.

मुख्य मुद्दा मात्र चहा झाल्यावर बाहेर आला. घोडे त्यांनी निवडले होते, पण तबेल्याचं भाडं आमच्याकडे होतं. बँकेच्या कर्मचाऱ्याला सवलतीच्या व्याजाने वाहनकर्ज मिळतं ही गोष्ट आमच्या सासुरवाडीत सर्वांना तोंडपाठ आहे. तेव्हा कर्ज माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, हप्ते मेहुण्यांचे आणि ॲक्सिलरेटरवर पायही त्यांचाच, अशी योजना होती. "तुम्ही तरी कुठे गाडी घेताय भावोजी?"

आता यातली अडचण अशी, की मी घेत होतो. कोणाला बोललो नव्हतो इतकंच. आमचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला. स्टेशनचा पूल त्यांना चढवत नाही आणि डॉक्टरकडे न्यायला रिक्षा मिळवायची म्हणजे रिक्षावाल्याची मुलाखत घ्यावी लागते, आणि त्या मुलाखतीत नापास आपणच होतो. म्हणून तेच स्टाफ लोन काढून एखादी छोटीशी, दार रुंद उघडणारी गाडी घ्यावी असं मनात होतं. पण सख्ख्या मेहुण्याला तोंडावर नाही म्हणणं हे ज्याला जमतं, तो कारकून राहत नाही, मॅनेजर होतो. मी म्हटलं, "विचार करतो." आणि विचार करायला वेळ मिळावा म्हणून इतिहासाकडे वळलो.

त्यात असं सापडलं, की हा प्रश्न मेहुण्यांच्या आधी एका पंतप्रधानांना पडला होता, आणि ते पंतप्रधान म्हणजे ज्यांच्या नावाच्या मार्गावर मेहुणे रोज अडकतात ते लालबहादूर शास्त्रीच.

शास्त्रीजी पंतप्रधान झाले १९६४ साली. सरकारी कामाला त्यांच्याकडे शेव्हरोले इम्पाला होती. इम्पाला म्हणजे त्या काळचं जहाज. लांबी अशी, की पुढचा भाग साउथ ब्लॉकला पोचला तरी मागचा भाग घरीच असावा. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. चिरंजीव एकदा रात्री इम्पाला घेऊन भटकून आले. सकाळी वडिलांनी ड्रायव्हरला विचारलं, किती किलोमीटर झाले? चौदा. मग हे चौदा किलोमीटर खाजगी वापर म्हणून वहीत लिही आणि सात पैसे किलोमीटरप्रमाणे पैसे सरकारात भर, असा हुकूम झाला. चौदा साते अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव पैसे! अशी नोंद एखाद्या खातेवहीत पाहायला मिळाली तर मी तिला हळदकुंकू वाहीन.

थोडक्यात, ताकदवान गाडी दारात होती, पण रोजच्या वापराला चालत नव्हती. मुलं टांग्यातून शाळेत जात होती. (अश्वशक्ती : एक. आणि तीही खरी.) शेवटी घरच्यांच्या आग्रहावरून फियाट घ्यायचं ठरलं. किंमत बारा हजार रुपये. शास्त्रीजींच्या खात्यात शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी देशाच्या पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेत कर्जाचा अर्ज केला. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला, तेव्हा सामान्य माणसालाही कर्ज इतक्याच तातडीने मिळायला हवं, असं त्यांनी बँकेला सुनावलं म्हणतात. बँकवाल्याच्या नजरेने पाहिलं तर प्रकरण चोख आहे. मार्जिन अठ्ठावन्न टक्के! आज लोक मार्जिन शून्य आणि अपेक्षा शंभर टक्के घेऊन काउंटरवर येतात.

आणि ही फियाट बनत कुठे होती? तर आमच्या कुर्ल्याला! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला त्यांनी डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा अमेरिकन गजराजांची जुळणी केली, मग इटलीच्या फियाटशी सोयरीक केली. १९५४ पासून अकराशेचं मॉडेल आलं. इंजिन १०८९ सीसी, घोडे चाळीसेक. कारखाना तेव्हाच्या आग्रा रोडला लागून होता. तोच आग्रा रोड पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झाला. ज्या रस्त्यावर तयार झालेली गाडी पंतप्रधानांनी कर्ज काढून घेतली, त्याच रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. नगरपालिकांच्या हातून अशी औचित्याची गोष्ट सहसा होत नाही. झाली ती बहुधा नजरचुकीने झाली असावी.

आमचे वडील त्या काळी भांडुपला एका कारखान्यात फिटर होते. कांजूरहून सायकलने कामावर जात. कुर्ल्याहून ठाण्याकडे निघालेल्या नव्या कोऱ्या फियाटी त्यांना ओलांडून पुढे जात, तेव्हा ते सायकल बाजूला घेऊन थांबत. आवाजावरून इंजिनाचं वय सांगणं ही त्यांची एकमेव चैन. गाडी घेण्याचा प्रश्न नव्हता. तेव्हा गाडीला नुसते पैसे असून भागत नसे, आयुष्यही लागे. नंबर लागायला वर्षं जात. मुलगी झाली की नाव नोंदवावं, तिच्या लग्नापर्यंत गाडी येईल, असा हिशेब. १९६९ साली तर सरकारने गाड्यांच्या किमतीच बांधून दिल्या आणि कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. निवड करायची म्हणजे ॲम्बॅसेडर, फियाट आणि हेरल्ड, या तिघींतून. त्यातही जी आधी मिळेल ती आपली. मेहुण्यांना दोन टर्बोंत निवड करता येत नाही म्हणून झोप येत नाही, हे ऐकून वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "दोन्ही मिळतायत?"

वेगाची हौस सरकारने मध्यमवर्गाला अधिकृतपणे लावली ती १९८३ नंतर. त्या वर्षीच्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्यासाठी आगाऊ पैसे भरून नाव नोंदवणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ७९६ सीसीची ती डबी सिग्नल सुटला की ॲम्बॅसेडरला बघताबघता मागे टाकू लागली. मग मोठ्या घराण्यांनाही हुरूप आला. १९८४ साली कॉन्टेसा आली, १९८५ साली प्रीमियरची ११८ एनई आणि मद्रासची स्टँडर्ड २००० आली. या तिन्हींची गंमत अशी, की अंग परदेशी सुंदरीचं आणि आत हृदय दुसऱ्याच कोणाचं तरी. कॉन्टेसात सुरुवातीला ॲम्बॅसेडरचं इंजिन. ११८ एनईचा सांगाडा फियाटचा, इंजिन निस्सानचं. स्टँडर्ड २००० दिसायला थेट विलायतेची रोव्हर, पण आत जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं इंजिन. आमच्या बँकेत बाहेरून सगळं संगणकीकरण झाल्यावरही आत जुने हेडक्लार्कच बसलेले असायचे, त्याची आठवण होते.

आणि नेमक्या याच १९८५ साली दुसरे शास्त्री रंगमंचावर आले.

१० मार्च १९८५. मेलबर्न. समोर पाकिस्तान, अंतिम सामना, भारत विजयी. मुंबईचा रवी शास्त्री 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरला आणि बक्षीस म्हणून त्याला ऑडी १०० मिळाली. सगळी टीम त्या गाडीवर चढली. आत बसले ते थोडे, टपावर आणि बॉनेटवर जास्त. आणि शास्त्रीने ती तशीच मैदानाभोवती फिरवली. कर्जतला जाणाऱ्या शेवटच्या लोकलचा जो मान असतो तो त्या दिवशी ऑडीला मिळाला. जर्मन इंजिनियरांनी ती गाडी काय वेगासाठी बनवली असेल ते असो, भारताने तिला पहिल्यांदा पाहिलं ते दहा-बारा माणसं अंगावर घेऊन माणसाच्या चालीने जाताना. मुंबईला येण्यापूर्वीच तिचा सराव झाला. पुढे सरकारने तिच्यावरचं आयातशुल्क माफ केलं आणि ऑडी मुंबईत आली. मालकाने ती इमानाने जपली, आणि २०२२ साली तिला पुन्हा नवी करून घेतली.

सचिनचं उदाहरण देणं मी टाळणार होतो, पण मेहुण्यांनी ते स्वतःहून ओढवून घेतलं. ते म्हणाले, "भावोजी, तेंडुलकरकडे फेरारी होती की!" होती. ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ साली खुद्द शूमाकरच्या हस्ते मिळालेली, ३६० मोडेना, घोडे चारशेच्या घरात. पण तिच्यावरचं शुल्क एक कोटी तेरा लाखांच्या आसपास निघालं. माफी मिळाली, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीने भरलं. मी कॅल्क्युलेटर काढला. पहिल्या शास्त्रींच्या भावाने, नुसत्या शुल्काच्या रकमेत नऊशे एक्केचाळीस फियाटी आल्या असत्या आणि काही रक्कम पेट्रोलला उरली असती. २०११ साली ती फेरारी सुरतेला गेली. सचिनची पहिली गाडी मात्र मारुती ८०० होती, आणि तिच्याविषयी तो अजूनही हळवं बोलतो.

"तुम्ही घोड्यामागे भाव काढून बघा," मी मेहुण्यांना म्हटलं. "फियाटचा घोडा तीनशे रुपयांना पडला होता. तुमची गाडी सगळं धरून वीस लाखांच्या वर. दीडशे घोडे धरले तरी एक घोडा तेरा हजारांच्या वर. तुमच्या एका घोड्याच्या किमतीत शास्त्रीजींची आख्खी गाडी येते."

"महागाई धरा की भावोजी."

"धरली. पण घोडे बांधायला जागा तेवढीच आहे."

ते टेस्ट ड्राइव्हला घेऊन गेले. भांडुपहून गांधीनगर जंक्शनपर्यंत. मेट्रोच्या खांबांमुळे रस्ता मधोमध भांग पाडल्यासारखा झाला होता. विक्रेता मागे बसून सांगत होता, "साहेब, स्पोर्ट मोडवर टाका." मेहुण्यांनी टाकलं. गाडीने आतल्या आत एक हुंकार दिला. त्याच वेळी डावीकडून सिलिंडर लादलेली एक हातगाडी आम्हाला मागे टाकून गेली. हातगाडीवाल्याने आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. इतक्या सहजतेने कोणी आपल्याला ओव्हरटेक केलं की मनाला लागतं. मी काटा पाहिला, चौदा. हा चौदाचा आकडा शास्त्री घराण्याची पाठ सोडत नाही.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना हा सगळा इतिहास सांगत होतो. मेहुणे समोर बसले होते, स्टाफ लोनचा अर्ज त्यांनी आपल्या हाताने भरून आणला होता. सहीची जागा तेवढी मोकळी. मी ओघात पुढचं सांगून गेलो, की १९६६ च्या जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परत आलेच नाहीत. गाडीचं कर्ज फिटलं नव्हतं. ते ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं.

सौ.चा हात पोळपाटावर थांबला.

"कोणी फेडलं?"

"त्यांच्या पत्नीने."

"गाडी फिरवली मुलांनी, कर्ज नवऱ्याच्या नावावर, आणि फेडलं बायकोने?" मग ती भावाकडे वळली. "आण रे तो कागद इकडे."

कागद घेऊन तिने तो चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल गेली सहा वर्षं डुगडुगत होतं, आता हलत नाही. मेहुणे चारेक दिवस रुसले. मग त्यांनी स्वतःच्या नावावर, बाजारभावाच्या व्याजाने कर्ज काढलं आणि व्हर्टस घेतली. माझं कर्ज पुढच्या महिन्यात मंजूर झालं. पंतप्रधानांइतक्या लवकर नाही, तीन आठवड्यांनी, आणि मी त्याच बँकेत नोकरीला असून. आमची छोटी गाडी अजून शोरूममध्ये रंगासाठी अडली होती, तेवढ्यात वडिलांची डॉक्टरची तारीख आली. मेहुणे स्वतःहून म्हणाले, "काकांना मी नेतो."

डॉक्टर घाटकोपरला. पण मेहुण्यांनी तिथलं काम झाल्यावर गाडी कुर्ल्यापर्यंत पुढे नेली, कारण वडिलांना कारखान्याची जागा बघायची होती. पद्मिनी हे नाव मिळालेली ती फियाट बनणं २००० च्या सुमारासच थांबलं. २००३ साली नोंदलेली तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षं भरून निवृत्त झाली. कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. वडिलांनी काच खाली करायला लावली, एसी चालू असताना. बराच वेळ ते बाहेर बघत होते. फाटक कुठे होतं ते त्यांनी हाताने दाखवलं. तिथे एक पार्किंगचा फलक होता.

परत येताना विक्रोळीच्या अलीकडे रहदारी अशी जमली, की पुढे-मागे गाड्याच गाड्या. आम्ही दहा मिनिटं एकाच जागी. मेहुण्यांनी सवयीने स्पोर्ट मोडचं बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं. वडिलांनी मागच्या सीटवरून पुढच्या सीटला घट्ट धरलं आणि म्हणाले, "जरा हळू घे रे बाबा."