हत्ती आणि हलकी बंदूक

जनावर जितके मोठे तितकी बंदूकही जबर हवी, हा समज एकोणिसाव्या शतकात सर्वमान्य होता, आणि तो निराधारही नव्हता. काळ्या दारूने गोळीला फारसा वेग येत नसे. ती उणीव वजनाने भरून काढावी लागे. १८७१ साली फ्रेडरिक सेलूस हा एकोणीस वर्षांचा इंग्रज तरुण दक्षिण आफ्रिकेत उतरला. हत्तींसाठी तो जी ठासणीची बंदूक वापरी, तिची गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची असे. बार उडताच खांद्याला असा दणका बसे की, त्याच्या मनाने त्याची कायमची धास्ती घेतली आणि नेम बिघडला. या बंदुकांच्या वाटेस गेल्याचा पश्चात्ताप त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू सिद्ध केली. गोळी लहान झाली, वेग वाढला. आणि त्या वेगात नुसते शिसे टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचे कवच आले.

या साधनांचे मर्म ओळखले ते वॉल्टर बेल (१८८०–१९५४) या स्कॉटिश शिकाऱ्याने. त्याच्या आवडत्या सात मिलिमीटरच्या रायफलीची गोळी अवघी अकरा ग्रॅमची, सेलूसच्या गोळीच्या दहाव्या हिश्श्याची! परंतु बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदूचे नेमके स्थान पाहून ठेवले होते. सर्वांगी कवचाची गोळी हाडात न चेपता सरळ आत जाई. दणका सौम्य, म्हणून हात स्थिर. हात स्थिर, म्हणून नेम अचूक. एक हजाराहून अधिक हत्ती त्याने मारले, त्यांतील बहुतेक याच रायफलीने.

येथे दोन गोष्टी विसरून चालणार नाही. बेलची रायफल विकत मिळत होती, त्याचे ज्ञान नव्हे. ज्ञानावाचून हलकी गोळी झाडणारा जनावराला मारीत नाही, जखमी करून सोडतो. म्हणूनच आफ्रिकेतील अनेक देशांच्या कायद्यांनी मोठ्या शिकारीसाठी किमान जाडीच्या गोळीची अट घातली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे सारे कौशल्य हस्तिदंताच्या व्यापारासाठी राबले. १९८९ साली जगातील राष्ट्रांना त्या व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय घ्यावा लागला. बंदुकीचा दणका शिकाऱ्याला निदान थांबवीत तरी असे. तो गेल्यावर थांबण्याचे काम विवेकाकडे आले, आणि विवेक फार उशिरा जागा झाला.