दोष ब्राउझरचा की नियमाचा?

‘क्रोममध्ये फॉर्म चालतो ना? मग अडचण ग्राहकाच्या ब्राउझरची.’ वेबसाइट बांधणाऱ्यांत हे मत चांगलंच मुरलेलं आहे. ते अगदीच निराधार नाही. २०१७पर्यंत सफारी सक्तीचा रकाना रिकामा असला तरी फॉर्म खुशाल पुढे धाडत असे. मॅकवरच्या सफारीत तारीख निवडायचं कॅलेंडर आलं तेही २०२१ साली.

पण हा पूर्वपक्ष कोकणातल्या आंजर्ले गावात टिकत नाही. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांसाठी इथल्या एखाद्या घरगुती निवासाचा बुकिंग फॉर्म आहे असं धरू. गावाच्या रकान्यात कुणी ‘आंजर्ले’ लिहिलं आणि नियम फक्त ए ते झेडचा असला, तर क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघेही एकमताने नाकारतात. सगळीकडे सारखं वागणारा फॉर्म बरोबर असतोच, हे गृहीतक इथेच कोसळतं.

जाणकार मग ‘कोणत्याही लिपीतलं अक्षर’ ही युनिकोडची खूण वापरतात. तरी नकारच! ‘आंजर्ले’त युनिकोडच्या हिशेबाने सात चिन्हं. त्यांतली आ, ज, र, ल ही चार अक्षरं. अनुस्वार, हलन्त आणि मात्रा हा जोडचिन्हांचा वेगळा वर्ग. तो नियमात घातल्याशिवाय बहुतेक मराठी नावं पास होत नाहीत. मोबाइल नंबरचंही तेच: जावास्क्रिप्टची अंकाची नेहमीची खूण देवनागरी ९ला अंक मानतच नाही.

आता ब्राउझर खरोखर वेगळे वागतात ती जागा पाहू. रकान्याला लावलेला नियम व्याकरणात चुकला, तर ब्राउझर तो गुपचूप बाजूला ठेवतो आणि काहीही स्वीकारतो. २०२३मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने हे व्याकरण कडक केलं. चौकटी कंसात मोकळी ठेवलेली आडवी रेघ तेव्हापासून चूक ठरते. म्हणून तोच नियम जुन्या आवृत्तीत राखण करतो आणि नव्या आवृत्तीत झोपतो. इथेही मूळ ढिलाई लिहिणाऱ्याचीच. (कन्सोलमध्ये इशारा उमटतो, तो वाचतो कोण?)

‘मग सगळी तपासणी जावास्क्रिप्टने करू’ हा उपाय तोकडा आहे. ब्राउझरमधली कुठलीही तपासणी वळसा घालून टाळता येते. सर्व्हरवर ती पुन्हा करावीच लागते.

तेव्हा ग्राहकाला ‘क्रोम वापरा’ असं सांगण्याआधी आपला नियम ‘आंजर्ले’ या शब्दावर एकदा चालवून पाहा.