‘अंगारे’ आणि ‘कळ्यांचे निःश्वास’

सातारा-सांगलीकडच्या आम्हा मुसलमानांची गंमत अशी की घरात दखनी, शाळेत मराठी. ‘कळ्यांचे निःश्वास’ कॉलेजात कधीतरी भेटतो. ‘अंगारे’ बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. खरं तर ही जुळी भावंडं.

डिसेंबर १९३२ मध्ये लखनौत ‘अंगारे’ निघाला. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यावर बंदी घातली. चार लेखकांत बाई एकच, डॉक्टर रशीद जहाँ. त्यांच्या ‘पर्दे के पीछे’ या एकांकिकेतली मुहम्मदी बेगम बत्तीस वर्षांची आहे, पण ते डॉक्टरीणबाईंनाही पटत नाही, इतकी ती म्हातारी दिसते. एकामागून एक बाळंतपणं झालेली. नवऱ्याने दुसरी करू नये म्हणून ऑपरेशन करून अंग पुन्हा ‘नीट’ करून घेतलेलं, तरी धास्ती सुटलेली नाही. हल्ली रस्तोरस्ती क्लिनिकांच्या पाट्या दिसतात, तेव्हा मला ही बेगम आठवते.

त्याच १९३३ साली मराठीत विभावरी शिरूरकरांच्या कथा आल्या. यातल्या मुली शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या. पगार घरी द्यायचा, भावंडांचं पाहायचं, आणि आपलं वय मात्र निघून चाललंय. आपल्यालाही शरीराची ओढ आहे हे त्या कबूल करतात, हेच लोकांना झोंबलं. लेखक बाई की पुरुष, यावरही तर्क लढले. टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. रशीद जहाँनी खऱ्या नावाने लिहिलं. त्यांना धमक्या आल्या आणि ‘अंगारेवाली’ हे नाव चिकटलं.

बाईची घुसमट म्हटली की आपल्याकडे लगेच बुरख्याकडे बोट जातं. पण ज्या घरांत बुरखा नव्हता, मुली शाळेत शिकवायला जात होत्या, तिथेही संताप तेवढाच उसळला. आमच्यातल्यांनीही याचा आधार घेऊन सुटू नये. मुहम्मदी बेगम आपल्याच घरातली आहे.

पुढे १९६२ च्या ‘रंग १’पासून कमल देसाईंनी एकट्या राहणाऱ्या बायका लिहिल्या, कुणाच्या पसंतीसाठी न थांबणाऱ्या. यमकनमर्डीत जन्मलेल्या कमलताई २०११ साली सांगलीत वारल्या. त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली नाही. वाचणारेही थोडेच.