एक छत्री, अनेक बिऱ्हाडे

गावाबाहेर नवी वसाहत वसू लागली, की तिच्याबरोबर भाड्याच्या खोल्यांची एक रांगही उभी राहते. कारखान्यात कामाला लागलेला तरुण, बदलीवर आलेला कारकून, कॉलेजात शिकणाऱ्या दोघी-तिघी मुली, नुकतेच लग्न झालेले जोडपे, अशी आठ-दहा बिऱ्हाडे एका छपराखाली येतात. पाण्याची टाकी सामाईक, जिना सामाईक, गच्ची सामाईक. आणि मग एके दिवशी प्रश्न निघतो : दूरचित्रवाणीची सोय कशी करावयाची? प्रत्येकाने आपापली छत्री भिंतीला ठोकावी, की घरमालकाने गच्चीवर एकच छत्री बसवून साऱ्यांच्या खोल्यांत तारा न्याव्यात?

प्रश्न वरवर पाहता केवळ तारा आणि खिळे यांचा वाटतो. परंतु त्यामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एकच वाद पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. सामाईक साधनातून काय पाहावयाचे, हे ठरवावयाचे कोणी? जागेच्या धन्याने, मधल्या व्यावसायिकाने, की पाहणाराने? आज त्या इतिहासाची थोडी उजळणी करू.

या कथेचा आरंभ अमेरिकेत होतो. दूरचित्रवाणीच्या लाटा साधारणतः सरळ रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की पलीकडच्या गावात चित्र उमटत नाही. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन अशा राज्यांतील डोंगरांत वसलेल्या गावांनी यावर तोड काढली. उंच जागी एक चांगली अँटेना उभारावयाची आणि तेथून तार खाली आणून ती घरोघर फिरवावयाची. केबल टीव्हीचा जन्म हा असा झाला. मोठ्या शहरांतील अडचण मात्र निराळी होती. तेथे एकेका इमारतीत शेकडो भाडेकरू राहत, आणि जो तो गच्चीवर आपली अँटेना रोवू लागला, तर छप्पर खिळखिळे व्हावयाचे आणि एकाच्या अँटेनेमुळे दुसऱ्याचे चित्र बिघडावयाचे. साहजिकच घरमालक मज्जाव करू लागले. त्यावर सबंध इमारतीसाठी एकच मुख्य अँटेना बसविण्याची पद्धत निघाली. अशी सामग्री बनविणाऱ्या जेरॉल्ड कंपनीचे संस्थापक मिल्टन शॅप हे पुढे १९७१ पासून आठ वर्षे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर होते. तेव्हा भाडेकरू आणि घरमालक यांच्यातील गच्चीचा तंटा हा दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो, आणि असे तीन उपग्रह बहुतेक साऱ्या जगाला संदेश पोहोचवू शकतील, हा विचार आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडला होता. त्या विचाराचा एक मोठा प्रयोग झाला तो आपल्याच देशात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताच्या कामी आला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत चित्रे उमटू लागली. विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे त्यात होते आणि आंध्रातील तेलुगुभाषक खेडीही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फूट व्यासाची तबकडी आणि तिच्याखाली गावाचा एकच संच! तो बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या घरात ठेवलेला असे. सकाळी मुलांकरिता कार्यक्रम होत आणि संध्याकाळी थोरांकरिता. एका चित्राबरोबर दोन निरनिराळ्या भाषांतील ध्वनी पाठविण्याची सोयही त्या उपग्रहात होती. एकच चित्र पाहावे, पण ज्याने त्याने ते आपल्या बोलीत ऐकावे, ही दृष्टी त्या योजकांजवळ होती. ती लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीवरून न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत.

मुंबईत दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी चाळीत ज्याच्या घरी संच असे, त्याचे दार संध्याकाळी उघडेच राही आणि शेजारची मुले उंबरठ्यापर्यंत बसत. संच एक आणि डोळे अनेक, असा तो काळ होता. १९८० नंतरच्या दशकात मोठ्या शहरांतील इमारतींत दुसरी तऱ्हा सुरू झाली. कोणीतरी एका खोलीत व्हिडिओचे यंत्र मांडी, तेथून साऱ्या मजल्यांवर तार नेई आणि रात्री एखादा चित्रपट लावी. आता डोळ्यांऐवजी संच अनेक झाले, परंतु यंत्र मात्र एकच राहिले.

तारांचे जाळे असे आयते तयार होते. १९९१ च्या जानेवारीत आखातात युद्ध पेटले. मोठ्या हॉटेलांतून त्याची चित्रे तत्काळ दिसतात, हे कळताच लोकांचे कुतूहल जागे झाले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीची प्रक्षेपणे सुरू झाली. ती ज्या एशियासॅट-१ या उपग्रहावरून होत, त्याचे चरित्रही मोठे गमतीचे आहे. १९८४ साली तो दुसऱ्याच नावाने सोडला गेला, पण चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणले, आणि १९९० च्या एप्रिलमध्ये चिनी अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. आकाशातून परत आणलेल्या त्या यंत्राने आपल्या गल्ल्यांचे रूप पालटले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. केबलवाल्याने गच्चीवर आठ-दहा फुटांची छत्री बसविली आणि झाडांवरून, खांबांवरून, सज्जांवरून काळ्या तारा धावू लागल्या.

त्या यंत्रणेचे मर्म समजून घेतले पाहिजे. छत्री उपग्रहाच्या क्षीण लाटा एका बिंदूवर गोळा करते. केबलवाल्याच्या खोलीत प्रत्येक वाहिनीसाठी एक वेगळा ग्राहक आणि एक वेगळे प्रक्षेपक यंत्र असे. साऱ्या वाहिन्या अशा रीतीने वेगवेगळ्या करून एकाच तारेत घातल्या जात. त्यामुळे कोणत्याही खोलीतील साधा संच त्यातून हवी ती वाहिनी निवडू शके. भाडेकरूच्या दृष्टीने ही सोय उत्तमच होती. छत्री नको, परवानगी नको, खोली सोडताना काही उचलून नेणे नको. परंतु तारेत काय घालावयाचे हे केबलवाला ठरवी! १९९४ च्या वटहुकुमाने आणि १९९५ च्या केबल कायद्याने त्याच्यावर नोंदणीचे बंधन घातले आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखविणे सक्तीचे केले. तथापि इतर निवड त्याच्याच हाती राहिली.

आणि येथे आपणा महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांचा संबंध येतो. मुंबईच्या मनोऱ्यावरील लाटा इंदूरला किंवा ग्वाल्हेरला कोठून पोहोचणार? उपग्रहाने ती अडचण दूर केली. १९९४ पासून दूरदर्शनची मराठी सेवा उपग्रहावरून मिळू लागली, १९९९ साली आल्फा मराठी निघाली आणि २००० साली ई टीव्ही मराठी. ही शेवटची तर हैदराबादच्या रामोजी समूहाची, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच जन्मलेली. आकाशात प्रांतांच्या सीमा उरल्या नाहीत. परंतु जमिनीवर त्या उरल्या होत्या. ज्या गल्लीत मराठी घरे दोन किंवा चार, त्या गल्लीतील केबलवाल्याने आपल्या मोजक्या जागांतील एक जागा मराठीला का द्यावी? त्याचा हिशेब बहुसंख्येचा असे, आणि त्यात भाड्याने राहणारा, आज आहे उद्या नाही असा माणूस सर्वांत शेवटी मोजला जाई.

२००३ साली देशात डिश टीव्ही सुरू झाली, आणि १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनने ३३ वाहिन्यांची आपली सेवा उघडली. तीच आजची डीडी फ्री डिश. आता हातभर रुंदीची लहान छत्री पुरू लागली आणि निवड पाहणाराच्या हाती आली. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून तर वाहिन्यांच्या किमती एकेकट्या जाहीर होऊन ग्राहकाला हवी तेवढीच वाहिनी घेण्याची मुभा मिळाली. पण या स्वातंत्र्याबरोबर जुना तंटाही परत आला. आठ खोल्यांच्या आठ छत्र्या भिंतीवर लागल्या, खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपू लागले आणि घरमालक पुन्हा मज्जाव करू लागले.

मग एकाच छत्रीची तार फाडून आठ खोल्यांत का नेऊ नये, असे कोणी विचारील. अनेकांनी ते करून पाहिले आहे आणि चित्र गेल्याची तक्रारही केली आहे. त्याचे कारण असे. छत्रीच्या तोंडाशी जो लहान डबा असतो, त्याला खोलीतील सेट टॉप बॉक्स तारेतूनच आज्ञा देतो. १३ व्होल्ट दाब दिला तर तो उभ्या कंपनाच्या लाटा घेतो आणि १८ व्होल्ट दिला तर आडव्या. ज्या सेवेच्या वाहिन्या या दोन गटांत विभागलेल्या असतात, तेथे दोन खोल्यांनी एकाच तारेवरून दोन निरनिराळ्या आज्ञा दिल्या, तर एकीचे ऐकले जाते आणि दुसरीचे चित्र जाते. यावर उपाय आहे. अनेक तोंडे असलेला डबा छत्रीला बसवावा, आणि खोल्या अधिक असतील तर मल्टिस्विच नावाचे उपकरण मध्ये घालावे. मग प्रत्येक खोलीला तिची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र बॉक्स मिळतो. छत्री मात्र एकच राहते.

इतर देशांत हा वाद न्यायासनापर्यंत गेला. अमेरिकेत १९९६ च्या नियमाने एक मीटरपर्यंतची छत्री लावण्याचा हक्क दिला, आणि १९९९ पासून तो भाडेकरूंनाही मिळाला. मात्र तो स्वतःच्या ताब्यातील सज्जापुरताच, सामाईक गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर नव्हे. जर्मनीत एका तुर्की भाडेकरूला घरमालकाने छत्री लावू दिली नाही. इमारतीला केबल मिळणार आहे, ती पुरे, असे त्याला सांगण्यात आले. १९९४ साली तेथील घटना न्यायालयाने निर्णय दिला, की परक्या देशातून आलेल्या माणसाला आपल्या मायदेशाच्या वाहिन्या पाहावयाच्या असतात, त्याच्या या गरजेचा विचार केल्याशिवाय नकार देता येणार नाही. स्वीडनमधील हकीगत अधिक कठोर आहे. इराकमधून आलेल्या एका जोडप्याने छत्री काढण्यास नकार दिला. घरमालकाने आक्षेप घेतल्यावर त्यांनी ती स्वयंपाकघरातील लोखंडी दांड्यावर बसवून खिडकीतून बाहेर काढली होती. एवढ्यासाठी त्यांना तीन मुलांसह घर सोडावे लागले. १६ डिसेंबर २००८ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा त्यांच्या माहिती मिळविण्याच्या स्वातंत्र्याचा भंग आहे, असा निर्णय दिला. त्या न्यायालयाने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. हे स्वातंत्र्य राजकीय बातम्यांपुरते नाही. संस्कृती आणि करमणूक यांनाही ते लागू आहे. मुलांच्या कानांवर आईबापांची भाषा पडावी, हाही त्या हक्काचाच भाग आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

शाळेत शिकविणाराला याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. परप्रांतात वाढणारे मूल शाळेत एक भाषा वाचते, गल्लीत दुसरी बोलते, आणि घरची तिसरी भाषा त्याच्या कानांवर पडण्याचे प्रसंग हळूहळू विरळ होत जातात. अशा घरात संध्याकाळची मराठी मालिका किंवा सकाळची मराठी बातमी हे केवळ मनोरंजन नसते. आणि जे आपले, तेच दुसऱ्याचे. आपल्या घराच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या ओडिया किंवा बंगाली कामगाराला त्याची भाषा तितकीच प्रिय आहे. आपण कोठे भाडेकरू असतो, तर कोठे घरमालकही असतो.

तेव्हा खोल्या भाड्याने देणाऱ्या गृहस्थांनी चार गोष्टी ध्यानी घ्याव्यात. छत्री एकच असावी, पण प्रत्येक खोलीला स्वतंत्र तार आणि ज्याचा त्याचा बॉक्स असावा. एका घराकरिता घेतलेली सशुल्क जोडणी आठ बिऱ्हाडांत वाटू नये. ते करारात बसत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीला सांगून एका छत्रीवर वेगवेगळ्या जोडण्या घ्याव्यात, किंवा मासिक वर्गणी नसलेली डीडी फ्री डिश पत्करावी. छत्री भक्कम बसवून तिला जमिनीशी जोडणारी तार द्यावी, म्हणजे विजेचे भय कमी होते. आणि खर्च कोणी किती द्यावयाचा, खोली सोडताना बॉक्स कोणाचा, हे भाडेचिठ्ठीतच लिहून ठेवावे.

जाळीच्या तबकडीखाली सारे गाव बसविणाऱ्या त्या १९७५ च्या प्रयोगात एका चित्राला दोन भाषा देण्याची सोय ठेवली होती. आज साधने शतपटीने वाढली आहेत. छत्री सामाईक असण्यात कमीपणा नाही. उलट त्यात काटकसर आहे, घराची निगा आहे आणि शेजारधर्मही आहे. मात्र छत्र एकाचे असले, तरी तिच्याखाली कोणती भाषा ऐकावयाची, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे.